रफू

राजेभाऊनं पोत्यात घालून आणलं ते,
हरभऱ्याभोवतीच्या जाळीत अडकलेलं.
"घार हाय का बाई, का ससाणा?"
भोवत्या, मी म्हणाले. मादी.
दिवाळीनंतर येते, माळावर हातभर उंचीवरून
गवत चाळत फिरते, होळीच्या सुमाराला जाते.
कुठं जाते ते मलाही नकाशावरच माहीत.

हाड शाबूत होतं.
उजव्या पंखाची चार पिसं मात्र,
पाचवं ते आठवं,
मधूनच मोडलेली, खराट्याच्या काड्यांसारखी.
वजन दोनशे चाळीस ग्रॅम.
नवी पिसं यायला पावसाळा उजाडला असता,
तोवर ती जाळीवर डोकं आपटून मेली असती.
तीस वर्षं मी जिंतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर,
बैलांचे खांदे धुतले, म्हशींची आचळं,
पण पीस कसं जोडतात ते एकदाच पाहिलेलं, परभणीला,
आणि आता हात थरथरतो.

म्हणून मुनीरचाचांना बोलावलं.
बसस्टँडमागं त्यांचं दुकान, दोन फूट बाय चार.
विजार जळो, शेरवानीला उंदीर लागो,
चाचा त्याच कापडाच्या शिवणीतला धागा उसवून
भोक असं बुजवतात की मालकालाच सापडत नाही.

गेल्या साली येलदरीकडं विजेच्या तारेखाली
अशीच एक मादी मेलेली सापडली होती.
तिची पिसं, पंचनामा होऊन,
लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरात ठेवलेली,
प्रत्येकाखाली आकडा.
सातव्याच्या जागी सातवंच लागतं, उजव्याला उजवंच.
चाचा म्हणाले, "हे तर आमच्याहून कडक आहे बाई."

बांबूची सळी तासली,
सुईहून जाड, काडेपेटीतल्या काडीहून बारीक.
अर्धी हिच्या तुटक्या दांडीत, अर्धी तिच्या.
मी टॉवेलमध्ये धरलेलं, डोळ्यांवर टोपी,
चाचांच्या नातवाच्या मोज्यातून बेतलेली.
त्यांनी श्वास रोखला. मीही.
खाली रस्त्यावर कुणीतरी मेथी विकत होतं.

चौथं पीस बसलं तेव्हा चाचांनी चष्मा काढला,
पंखावरून बोट फिरवायला गेले. नको, मी म्हणाले.
नाव ठेवायचं नाही, चुचकारायचं नाही,
उंदीर टाकताना मध्ये चादर धरायची.
आपली भीती तिच्यात शाबूत राहिली पाहिजे.
चाचा गप्प झाले. मग म्हणाले,
"गिऱ्हाईक ओळख दाखवत नाही, ते पाहिलंय.
ओळख होऊ नये म्हणून जपून खाऊ घालायचं, हे नवीन."

अठरा दिवस, गच्चीवरच्या खोलीत.
पहाटे शीट बघायची, वजन लिहायचं.
एकदा तिनं माझा अंगठा फाडला,
त्या दिवशी मी शिरा केला.

तीनशे तीस भरली तेव्हा
वनरक्षक केंद्रे मॅडम कागद घेऊन आल्या,
आणि नेमगिरीपलीकडच्या माळावर
आम्ही खोका उघडला.
ती लगेच उडाली नाही.
कुसळीत बसून राहिली, पंख अर्धे उघडे.
"ताण पडला की कळतं," चाचा पुटपुटले,
"कच्चा का पक्का."
वारा आला.
उजवा पंख डाव्याइतकाच उघडला.
मग गवताच्या शेंड्यांवरून,
इकडं कलून, तिकडं कलून,
चाळत, चाळत,
मागं न बघता.
राजेभाऊनं शिट्टी मारली, केंद्रे मॅडमनी त्याला दटावलं.

परतताना जीपमध्ये मी चाचांना सांगितलं
की ही पिसं कायमची नाहीत.
पुढं एकेक करून झडतील,
कुठल्यातरी परक्या गवतात,
आणि आतून तिची स्वतःची येतील.
बांबूची सळीही पडेल तिथंच,
आपल्या बाजारातल्या टोपलीची.
"म्हणजे माझं काम तिथवर जाणार,
आणि तिथं गळणार?" चाचा हसले.
मग बराच वेळ बोटांनी हवेत
काहीतरी ओवत बसले.

मजुरी विचारली तर म्हणाले,
कपडा दुकानात परत आला
तर आमच्यात रफू कच्चा समजतात.
हिचं उलटं ठेवू.
दिवाळीनंतर बघू.