बादलीची कडी

सोहारच्या पॉलिक्लिनिकमध्ये
बोगद्यात सरकवण्याआधी बाईनं विचारलं,
अंगावर, अंगात, कुठे धातू?
मी म्हटलं, नाही.
अकरा वर्षं पाइपांच्या मचाणांवर चढतोय,
पण ते लोखंड सगळं कंपनीचं, बाहेरचं.
मग आठवला चांदीचा करगोटा.
पडद्याआड सोडला, तिच्या ट्रेमध्ये ठेवला.
तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

हलायचं नाही, म्हणाली.
वीस मिनिटं कानाशी कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
मी श्वास धरून मनात दम घुमवत राहिलो,
गेल्या शुक्रवारी समुद्रावर
टाचेनं आखलेल्या त्या रेषेपाशी तुटला होता तोच.
पाऊल रेषेपलीकडे गेलं होतं,
गुडघा अलीकडे राहिला.
बोनसचा गुण मात्र दिला त्यांनी.

रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी आला.
डॉक्टर रविवारी.
मधले दोन दिवस कागद आणि मी.

खोलीत इंग्रजी नीट येतं ते युनूस चौगुलेला.
तो स्टोअरकीपर. त्यानं चलानासारखाच वाचला,
काय आलं, काय मोडून आलं, काय कमी भरलं.
हाडाला भेग नाही. टिक.
वाटी जागेवर. टिक.
आतल्या बाजूचा बंध ताणलेला, पण अखंड.
सांध्यात पाणी, मध्यम प्रमाणात.
पुढचा क्रॉस बंध…
इथे त्यानं चष्मा पुसला.
'सलग दिसत नाही.'
म्हणजे तुटला?
'तसं लिहिलेलं नाही. सलग दिसत नाही, एवढंच.'

मला माझा पोरगा असाच दिसतो.
दोन वर्षांत चाळीस दिवस.
दरवेळी आवाज थोडा खाली उतरलेला,
मधलं काही हाती लागत नाही.

पुढे लिहिलं होतं, बकेट हँडल.
'बादलीची कडी,' युनूस म्हणाला
आणि आम्ही दोघंही हसलो, कारण बादली कळते.
गुडघ्यातली गादी कडेनं फाटून
कडीसारखी उभी राहिलीय, मध्येच अडकलीय.
म्हणून पाय सरळ होत नाही.
हसू ओसरल्यावर मला टाकी नंबर सात आठवली.
कपलर भरलेली बादली दोरानं वर घेताना
कडी निखळली होती.
खाली कुणी नव्हतं.
तेव्हाही रिपोर्ट लिहिला गेला:
इजा नाही. कडी बदलली. काम सुरू.

सीडीतली चित्रं लॅपटॉपवर पाहिली.
पाणी पांढरं दिसतं म्हणे, बंध काळे.
माझंच हाड, पण मी ओळखलं नसतं.
कोपऱ्यात नाव होतं म्हणून मानलं:
गोविलकर रघुवीर, पुरुष, त्रेचाळीस.

कुंदाला फोन लावला. ती म्हणाली,
कागदाचं राहू दे. दुखतं कुठे, ते सांग.
मी म्हटलं, उतरताना.
चढताना?
चढताना कमी.
मग ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दोन,
तिसरी होण्याआधी तिनं गॅस बंद केला.

कागदाच्या तळाशी एक ओळ होती,
युनूसनं ती दोनदा वाचून दाखवली.
'लक्षणांशी ताडून पाहावे.'
म्हणजे यंत्रालाही खात्री नाही?
'यंत्राला दिसतं,' तो म्हणाला, 'तुझा पाय त्याला कुठे चालून दाखवलायस?'

रात्री सगळे झोपल्यावर
कॅम्पच्या लोखंडी जिन्यावर गेलो.
तीन पायऱ्या वर, कठडा धरून.
तीन पायऱ्या खाली.
दुसरीवर आत काहीतरी कट् करून अडलं,
मग सुटलं.
वॉचमननं बॅटरी मारली, ओळखलं, बंद केली.

रविवारी विचारायचे प्रश्न
युनूसनं जुन्या चलानाच्या पाठीवर काढून दिलेत.
ऑपरेशन इथे की गावाला?
सुट्टी किती, पगारी की बिनपगारी?
कबड्डीत लागलं हे सांगायचं का?
खाली जागा उरली होती.
तिथं माझ्या अक्षरात, एकच शब्द.
शिडी?