आय वेंट

रात्री साडेनवाला पट्टा उतरवतो,
गिरणीच्या तोंडावर पोतं टाकतो
आणि डब्यांच्या रांगेपुढं बसतो
मांडीवर ते पुस्तक घेऊन.
बिंदू चौकातल्या फुटपाथवरनं आणलेलं, वीस रुपयांना.
पहिल्या पानावर जांभळ्या शाईत
कु. शर्वाणी उलपे, सहावी ब.

सगळ्या रिकाम्या जागा
शर्वाणीनं आधीच भरून ठेवल्यात, पेन्सिलीनं.
मी खोडतो, परत भरतो.
कधी ती बरोबर, कधी मी,
आणि कधी दोघीही एकाच जागी चुकलो.

पीठ पानापानांत गेलंय.
वर्तमानकाळावर ज्वारीचं,
प्रश्नार्थक वाक्यांवर हरभऱ्याचं, जरा पिवळं.

'द' मला अजून नीट कळत नाही.
आमच्यात गिरणी म्हटलं की गिरणी.
पुस्तक म्हणतं, दोघांनाही ठाऊक असेल तर 'द' लाव.
म्हणजे खिरेकाकूंचा डबा 'द',
झाकणाला दोरी बांधलेला, मला माहीत, त्यांना माहीत.
कुणी नवखं दळण घेऊन आलं, तर 'अ'.
महिनाभर येत राहिलं की होईल 'द'.
एवढं जमलं. पण
पंचगंगेला 'द' लागतो म्हणे, कोल्हापूरला नाही.
हे कुणी ठरवलं?

मग सतरावं पान. भूतकाळ.
आय वेंट. ही वेंट. शी वेंट.
पान उलटून बघितलं,
पुढं कुठं वेंटो, वेंटी येतंय का.
काही नाही.
बाईला नि बाप्याला एकच शब्द.

पुस्तक खाली ठेवलं.

तिसरीत, पुण्याहनं बदलून आलेल्या बाई
टेबलावर फूटपट्टी आपटायच्या,
"मुलगी आहेस ना तू? गेले म्हण. गेलो नव्हे."
मी म्हणायचो, "म्हणतो, बाई."
अख्खा वर्ग हसायचा.
हसणाऱ्या पोरी घरी जाऊन
"आई, आलो गं" म्हणूनच दप्तर टाकायच्या.

एकोणिसाव्या वर्षी नाशिकचं स्थळ आलं.
पाहुण्यांसमोर एवढंच बोललो,
"बसा, चहा आणतो."
चहा पिऊन गेले. आठवड्यानं पोस्टकार्ड.
मुलगी चांगली आहे, पण
आणि पणच्या पुढं तीन टिंबं.
त्या टिंबांचं नाव शेवटच्या धड्यात आहे,
तिथवर अजून पोचलो नाही.

मग बावड्यातच दिली मला.
पहिल्या रात्री ह्यांनी विचारलं, "जेवलीस?"
"जेवलो."
"मग मला वाढ," म्हणाले, पातेल्यात बघत.
काही अडलं नाही कुठं.
गिरणी त्यांची. आता माझी.

बाईंना एक पत्र टाकायला पाहिजे.
कुठं असतील. असतील का.

बत्तिसाव्या पानाला शर्वाणीनं हात लावलेला नाही.
स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहा.
खाली पाच ओळी, कोऱ्या,
एका कोपऱ्यात फक्त मांजराचं चित्र.
पेन्सिलीला टोक केलं.
माय नेम इज विजयमाला.
आय रन अ मिल.
मग वाटलं, बावड्यात कुणाला ठाऊक नाही?
'अ' खोडला, 'द' केला.
आय वेंट टु स्कूल.
आय डिड नॉट गो टु नाशिक.
'डिड' आला की 'वेंट'चा परत 'गो' होतो,
एवढ्यात चार रात्री गेल्यात माझ्या.

पाचवं जिभेवर होतं,
तेवढ्यात अर्ध्या शटरवर डबा वाजला,
"वहिनी, पाव्हणं आल्यात, दोन किलो तेवढं दळून द्या की!"
पेन्सिल कानामागं खोचली,
पट्ट्याला हात घातला.

"आलो, आलो."