ताफेसेला विचारलेला शब्द

हवासाला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत
मागाचे सुटे भाग, दोन किलो मेतकूट
आणि बायकोच्या अक्षरात एक यादी:
कुणाच्या हातचं काय खायचं नाही.

पहिल्या रात्री समोर आली इंजेरा.
मी कापडातला माणूस. आधी चिमटीत धरून पोत पाहिला.
ओलसर, राखाडी, खालून गुळगुळीत,
वरून भोकंच भोकं.
इचलकरंजीत मागावरून असं उतरलं असतं
तर अख्खा ताका बाद केला असता.
भोकं नव्हेत, घरमालकीण येशिमबेत म्हणाल्या, डोळे.
जितके डोळे जास्त, तितकी करणारीण चांगली.

चव?
आंबोळी रागावली तर अशी लागेल.

कालच्या पिठावरचं पिवळं पाणी
त्या आजच्या पिठात ओततात,
आजचं उद्याला राखतात.
किती दिवसांचं हे?
लग्नात आईने दिलं होतं, म्हणाल्या.
त्यांचा थोरला आता ट्रक चालवतो.

बुधवारी उपवास. शुक्रवारीही. मी खूश.
साबुदाणा नसेना, दूध-केळं तरी मिळेल.
आली मसूर. आला कोबी, आलं बीट,
आणि शिरो, आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ,
लाल तिखटात वाढलेला.
दूध नाही. दुधाने उपवास मोडतो.
फोनवर सांगितलं तर बायको बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आणि कांदा?
कांदा चालतो.
तिने फोन आईकडे दिला.

परसात केळीसारखं झाड आहे, त्याला केळी लागत नाहीत.
खोड खरवडून खड्ड्यात पुरतात,
महिनोन् महिने,
मग उकरून त्याची भाकरी.
पहिल्या घासाला मी पाणी मागितलं.
चौथ्या महिन्यात भाकरी मागितली.

पण ताट एकच.
परातीएवढं, आणि भोवती सात माणसं,
सात हात, एकाच कालवणात.
मी माझ्या बाजूची कड धरून खायचो,
शेजारच्याची बोटं जवळ आली की हद्द आखायचो मनात.

पाळीवर ताफेसेला विचारलं,
एकाने खाल्लेल्यातलं दुसऱ्याने खाल्लं
तर त्याला तुमच्यात काय म्हणतात?
उरलेलं?
नाही.
नासलेलं?
नाही रे, चांगलंच असतं. फक्त तोंड लागलेलं.
त्याने पाना फिरवला, नट बसवला,
फडक्याने हात पुसले.
त्याला, म्हणाला, जेवण म्हणतात.

मेस्केलच्या दिवशी डोरो वत होतं.
येशिमबेतनी इंजेऱ्याच्या तुकड्यात कोंबडी गुंडाळली,
अंड्याचा तुकडा घातला,
आणि हात माझ्या तोंडाशी आणला.

मला शेवटचा घास भरवला होता
लग्नात, फोटोवाल्याच्या सांगण्यावरून.
जिलबीचा. दोनदा,
कारण पहिला फोटो हलला होता.

हात तिथंच थांबला.
रस्सा मनगटावरून कोपराकडे निघाला,
तरी थांबला.
मी तोंड उघडलं.
बेरबेरे तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं,
असं मी सगळ्यांना सांगितलं.
एक घास भांडणाचा, म्हणाल्या, अजून एक घे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझी बोटं.
नखांत मागाचं तेल, सव्वीस वर्षांचं,
कुठल्याच साबणाला न जुमानणारं.
पहिल्यांदाच मनात आलं,
कुणाच्या तरी घरी
कुणाच्या तरी अक्षरात
एखाद्या यादीत मीही असेन.

येशिमबेतनी तोंड उघडलं. आत सोन्याचा एक दात.
घास फार मोठा झाला,
अर्धा तोंडात, अर्धा नेटेलावर,
पांढरी, सुती, हातमागाची,
सणाची एकुलती एक.
त्या हसत होत्या, भरल्या तोंडाने,
हाताने खुणावत होत्या, असू दे, असू दे.

डाग जाणार नाही.
कापडातला माणूस आहे, सांगतो.