विझण्याची नोंद

गुऱ्हाळातून काकवी आणली, अर्धा तांब्या.
बाबगोंडामामा म्हणाले, "लॅबमधी गूळ करायचाय व्हय?"
पोलादी डब्यात, एकशे ऐंशी अंशांवर, रात्रभर.
सकाळी चहाच्या रंगाचं पाणी.
जांभळ्या दिव्याखाली धरलं,
बँकेत नोटा तपासतात तसला दिवा,
तर निळं.
गॅस बारीक केल्यावर
ज्योतीच्या बुडाशी उरतं तेवढं निळं.
मामा स्टूल ओढून बसले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग एकेक थेंब.
सोडियम, तसंच. कॅल्शियम, तसंच.
जस्त, शिसं, निकेल,
जरा दचकलं, पुन्हा तसंच.
तांबं घातलं आणि
कुणी फुंकर मारावी तसं गेलं.

गाईड मॅडमना आकडे देते मी
उजेडाचे नाही,
गेलेल्या उजेडाचे.

रविवारी हुपरीला गेले.
अण्णा मागच्या खोलीत पैंजण धूत होते,
तेजाबात बुडवून, पितळी ब्रशनं घासून.
चांदी पांढरी होते
तेव्हा तिच्या अंगातलं तांबं पाण्यात उतरतं,
हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक.
पाणी मोरीतून खड्ड्यात.
खड्ड्यातून कुठं,
हे आमच्यात कुणी विचारलं नव्हतं.
परसातल्या आडाची एक बाटली भरली.
लेबल: हुपरी, आड, नमुना सात.
आई अजून याच पाण्यात डाळ शिजवते
हे लेबलवर मावलं नाही.

सोमवारी विद्यापीठात पडदे ओढले.
सहा कुप्या पेटलेल्या,
सातवी काळी.
पुन्हा केलं. काळी.
कुपी बदलली, हात धुतले, पुन्हा.
शेवटी तांब्याला चिमटीत धरून बाजूला नेणारं मीठ
कणभर टाकलं त्यात,
आणि निळं हळूहळू परत आलं.
म्हणजे माझं काही चुकलेलं नव्हतं.
इतकं सुंदर निळं
मला कधी इतकं नकोसं झालं नव्हतं.

रात्री अण्णांचा फोन.
"काय म्हणतंय गं पाणी?"
"काही म्हणत नाही. गप्प झालं."
तेही गप्प.
मागं कुणाची तरी हातोडी,
टिक, टिक, मग तीही थांबली.
"त्यो दिवा घिऊन ये हिकडं," म्हणाले,
"माझ्या डोळ्यांदेखत इझू दे."

दिव्याला चार सेल लागतात.
राजारामपुरीत उतरून घेतले.