पेवाचं तोंड

नऊ वाजून सात मिनिटांनीच कळलं.
बाजार उघडायचा होता अजून, आणि पडद्यावर आकडा
नऊशेने खाली,
निर्ढावलेल्या माणसासारखा शांत.

गणपती पेठेत शटरं वर जात होती,
भडंगाच्या कढईत लसूण पडला होता.
कुठल्याशा देशात रविवारी रात्री
कुणीतरी काहीतरी बोललं होतं.

शुक्रवारी मी साडेतेवीस हजारचा पुट विकून
बेचाळीस रुपये घेतले होते,
साडेचोवीसचा कॉल विकून अडतीस.
आणि बारा रुपये देऊन तेवीसचा एक पुट
विकत घेऊन ठेवला होता, खाली, आधाराला.
त्या बारा रुपयांवर सुकुमार आवटी हसला होता:
रत्नाताई, तुम्ही उन्हाळ्यात रेनकोट घेता.

आप्पा हरिपूरला पेवात उतरायचे.
आत अंधार आणि हळद.
तोंड फोडलं की लगेच उतरायचं नसतं,
वर्षभर कोंडलेली हवा असते ती,
आवाज न करता माणसाला आडवं करते.
आधी दोराला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर काठावर विडी ओढत बसायचं.
परत सोडायचा.
घाई केलेल्या एकाचं नाव ते कधी घेत नसत,
नुसतं ‘त्याचं’ म्हणत.

सव्वानऊला मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.
घेणारा पाचशेवर, देणारा आठशेवर,
मधे तीनशे रुपयांची नुसती पोकळी.
पूर्वी हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबायचे,
भाव दोनच हातांना कळायचा.
आज रुमालाखाली हातच नव्हता.
माझ्या भावाची एक ऑर्डर सोडून पाहिली.
विझली.

फोन. सुकुमार.
त्याचे दहा लॉट, खाली काहीच नाही.
ब्रोकरचा माणूस म्हणतोय साडेदहापर्यंत पैसे भरा,
नाहीतर आम्ही कापू, मिळेल त्या भावात.
‘ताई, अजून विकू का? प्रीमियम बघा किती फुगलाय.
सरासरी होईल.’
म्हटलं, आयर्विन पुलावर पाण्याचे फूट मोजणारे
पाणी उतरेल म्हणून नदीत खुर्ची टाकत नाहीत.
मग वाईट वाटलं.
बुडत्या माणसाला म्हणी सांगू नयेत.
अर्धे काप, म्हटलं. आत्ता. उरलेल्यांखाली काहीतरी घे,
महाग असलं तरी घे.
तो गप्प. मागे त्याच्या मुलीचा आवाज,
डबा, पाण्याची बाटली.

नऊ बेचाळीसला पोकळी पाच रुपयांवर आली.
कंदील जळत राहिला.

आधी विकलेलं परत घ्यायचं, मग आधार सोडायचा.
उलट केलं तर मार्जिन अंगावर येतं,
शिडी काढून माणसाला वर ये म्हणण्यासारखं.
पुट घेतला पाचशे पंच्याऐंशीला.
बोट थरथरलं, तेही लिहून ठेवते.
रेनकोट दोनशे नव्वदला गेला.
आणि तीन रुपयांवर मेल्यासारखा पडलेला कॉल,
तोही घेतला.
तीन रुपयांसाठी दार उघडं टाकून झोपू नये.

दोन लॉट, चौतीस हजार पाचशे. तोटा.
वहीत लाल पेनाने,
कारण निळं सापडलं नाही.

दोनला बाजार चारशेने वर आला.
थांबले असते तर निम्मं वाचलं असतं.
आप्पांच्या कंदिलालाही हे ठाऊक असणार,
की कधीकधी आत हवा चांगलीच होती
आणि सकाळ उगाच काठावर गेली.
हमाल हसायचे.
आप्पा विडी विझवायचे, कानामागे ठेवायचे,
आणि उतरायचे.

सुकुमारचा फोन लागत नाही.
संध्याकाळी त्याच्या दुकानावरून गेले.
शटर कमरेइतकं वर, आत दिवा.
वाकून हाक मारली.
उत्तर यायला वेळ लागत होता,
मी पायरीवर बसले.