पायाभूत

ऑक्टोबरात मीच ती नळी टाकली,
काळ्या रबराची, रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत.
दोन खिळे, एक कुलूपबंद पेटी.
चाक गेलं की हवा दबते, पेटीत आकडा पडतो.
सात दिवसांत एक लाख बारा हजार.

नळीवर माणसानं पाय दिला तर काही होत नाही.
मला ठाऊक होतं. मी एकदा उडी मारून पाहिली होती.

विनिपेगचं दक्षिण टोक, सहा पदरी रस्ता,
अलीकडे बस थांबते, पलीकडे वृद्धाश्रम.
सिग्नल उजवीकडे, नऊशे मीटरवर.
अहवालात एक रकाना होता : पादचारी.
मी त्यात आडवी रेघ मारली.
शून्यसुद्धा नाही. शून्य लिहायला मोजावं लागतं.

मग नोव्हेंबरात बर्फ पडला.
बर्फ कुणाच्या पगारावर नसतो.
त्यानं एका रात्रीत गणती केली :
थांब्यापासून तिरकी निघालेली पावलं,
दुभाजकावर एकाच जागी तुडवातुडव,
किती वेळ उभी राहतात माणसं, ते खोलीवरून कळलं,
आणि तिथून पुढे टाचा नाहीत,
नुसते चवडे.

मी फीत घेऊन वाकलो होतो.
रात्रपाळी संपवून आलेल्या बाईला वाटलं, माझं काही हरवलंय.
"किल्ली?" म्हणाली, आणि शोधायला वाकलीसुद्धा.
उणे सव्वीस. मिलाग्रोस दुमलाओ.
जीव मुठीत धरून पळता का, मी विचारलं.
"मुठीत बसचा पास असतो," ती हसली,
"ही चुकली की पुढची चाळीस मिनिटांनी."

तारास ह्नात्यूकला ती रोज सकाळी बूट घालून देते.
त्याच्या खिडकीतून समोरची बेकरी दिसते.
हाकेच्या अंतरावर,
पण हाक तिसऱ्या पदरातच चिरडते.
पावासाठी त्याला गुरुवारची गाडी लागते, नाव नोंदवून.
बूट मात्र रोज घालतो.

सभागृहात प्रत्येकाला तीन मिनिटं.
नगरसेवक फेअर म्हणाले, तिथे कुणी चालतच नाही, आकडे बघा.
आकडे माझे होते.
मिलाग्रोसनं कागद आणला नव्हता.
तिनं वाकून बूट काढला, टेबलावर उपडा ठेवला :
चवडा झिजून चकचकीत, टाच कोरी.
बोलली नाही. दोन मिनिटं उरली.

ती मी मागून घेतली.
म्हणालो, ती आडवी रेघ माझी.
आपल्या खात्याचं नाव पायाभूत सुविधा,
पाय आहे त्यात, पण नावापुरता.
बेकरीपर्यंत माणसाला पायी जाता यावं,
बस इतकी वारंवार यावी
की वेळापत्रक पाठ करावं लागू नये,
आणि थांब्यावर भिंत हवी, वाऱ्याच्या बाजूला,
जाहिरातीच्या बाजूला नव्हे.
घंटा वाजली. माझं वाक्य अर्धं राहिलं.

मिळालं काय? नारिंगी पिंपं, आठ.
मार्चपर्यंत, प्रायोगिक तत्त्वावर.
थंडीत रंग धरत नाही, म्हणून पट्टे नाहीत.
फेअर म्हणाले, वापर दिसला तर बघू.

आता वितळायला लागलाय.
दुभाजकावरचा खळगा पसरट झाला, पाणी झाला,
गटारात गेला साक्षीदार.
पेटी मी गोदामात ठेवली.
घडीची खुर्ची, थर्मास, कोरा रकाना घेऊन
सहा वाजल्यापासून पिंपांपाशी बसलोय.

एक.
थांबा, तिच्या मागून
काठी टेकत कुणीतरी येतंय.