जमिनीवरचं नाणं

गाढवावरून पडला, म्हणते आई.
पोराला काही झालं की आमच्या डोंगरात
पहिला दोष गाढवाचाच.
कधी पडला?
ती बोटं मोजते. कापणीच्या आधी.
नाही, त्याच्याही आधी, बर्फ वितळत होतं तेव्हा.
पडल्याचं दुखणं इतकं धीमं नसतं, मामोखेले.

मोखेले आठ वर्षांचा.
अंगावर बापाचं ब्लँकेट, खांद्याशी पिनेनं अडकवलेलं.
चालतो असा, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे
आणि थेंब सांडला तर मार बसेल.

रात्री?
रात्री ओरडतो, पण जागा होत नाही.
ती सहज बोलून जाते आणि माझं पेन थांबतं.
दिवसभर पाठीचे स्नायू पहारा देतात.
झोप लागली की पहारेकरीही झोपतात,
मग हाडाला हाड भेटतं.

खिशातलं पाच मालोतींचं नाणं
मी फरशीवर टाकते. उचल.
तो वाकत नाही.
पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत उतरतो,
मानाचा पाहुणा बसावा तसा, सावकाश,
नाणं चिमटीत धरतो
आणि मांडीवरून हात चढवत चढवत उभा राहतो.
आई हसते. राजाच आहे बघा.
"बरोबर उचललं?"
बरोबर उचललंस रे.

पाठीवरून बोट नेते, मणका मणका, खाली.
एका जागी बोटाला पायरी लागते.
शेजारी फुगवटा, अंड्याएवढा.
गळू म्हणजे लाली, ठणका, ताप, असं शिकले होते.
हे नदीतल्या गोट्यासारखं गार.

तालुक्याच्या दवाखान्यात फोटो निघाला.
दोन मणके, मधली फट गेलेली,
गारठ्यात दोन बकऱ्या बिलगाव्यात तसे.
पण फोटो नाव सांगत नाही.
दुसरा जंतू असेल, गाठ असेल.
सुई घातली. सुईत आलं थोडं पिवळट,
नासलेल्या दुधासारखं.
मशीनला दोन तास लागतात.
वीज दोनदा गेली, म्हणून सहा.

तेवढ्यात विचारलं, घरात कोण खोकतं?
मामोखेले आपल्या ब्लँकेटची पिन उघडते, लावते.
खोकायचा, म्हणते.
बारा वर्षं सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली.
खोकतच वर आला.
गेल्या हिवाळ्यात पुन्हा खाली गेला.
हे ब्लँकेट त्याचंच.
ब्लँकेटमधून नाही होत, मी घाईनं म्हणते,
एका खोलीतल्या श्वासातून होतं.
हे ऐकून तिला बरं वाटलं की आणखी वाईट,
मला कळलं नाही.

संध्याकाळी कागद आला. क्षय.
औषधाला दाद देणारा.
मी दोनदा वाचला, आणि मला आनंद झाला.
पोराच्या पाठीत क्षय सापडल्याचा आनंद
कुणाला सांगायची सोय नसते.

बाहेर बाकावर तो बसला होता, अर्थात ताठ,
नाणं मुठीत.
आईला सांगत होता,
आता गाढवाला मारू नकोस.